गुलाबी माव्याची खोली

६ फेब्रुवारी

नवी डायरी, नवा कारभार. छोटी गेल्याला पंधरवडा उलटला आणि कीडघर जागच्या जागी आहे. छप्पर पडलेलं नाही, वाटाणा उगवायचा थांबलेला नाही. मुद्दाम लिहून ठेवते, कारण जाताना तिचा चेहरा असा होता की जणू तिची पाठ वळली की सगळा डोलारा कोसळणार.

छोटी म्हणजे माझी नणंद. ह्यांची धाकटी बहीण म्हणून घरात छोटी, बाकी उंचीने आम्हा सगळ्यांच्या वर. कीडघर आम्ही दोघींनी मिळून काढलं. काम काय करता असं कुणी विचारलं आणि खरं सांगितलं की लोक खुर्ची जरा मागे सरकवतात, पण काम साधं आहे. वाटाण्याची कोवळी रोपं वाढवायची, त्यांच्यावर मावा, म्हणजे देठांतला रस पिणारी बारीक कीड, पोसायचा आणि त्या माव्यावर माश्या सोडायच्या. माश्या म्हणजे घरातल्या नव्हेत. कूळ गांधीलमाशीचं, पण डासाहून बारीक, माणसाच्या वाटेला न जाणाऱ्या. ही माशी माव्याच्या पोटात अंडं घालते. अळी त्याला आतून खाते आणि मावा फुगून सोनेरी, टणक होतो. त्याला आम्ही ममी म्हणतो. ममीतून नवी माशी निघते. आम्ही ममी डब्यांत भरून हरितगृहवाल्यांना देतो. माशीला मावा वाटाण्यावरचा की मिरचीवरचा याचं सोयरसुतक नसतं, ती तिथला मावा संपवते आणि फवारणी वाचते.

भांडण झालं मागच्या खोलीवरून. तिथे छोटी नुसता मावा वाढवायची, माशीची सावलीही पडू न देता, आणि लागेल तसा तिथून माश्यांच्या पिंजऱ्यात न्यायची. एक अख्खी खोली अशी अडवून ठेवायची कशाला? माझं म्हणणं, पिंजऱ्यात माश्यांच्या तावडीतून जो मावा सुटतो तोच पुढच्या रोपांवर सोडावा. निवडक, दणकट बियाणं. छोटी म्हणाली, जे वाचले ते का वाचले ते आधी बघू. बघू, बघू करत बसलं तर धंदा बसतो. शब्दाने शब्द वाढला. मी इतकंच म्हणाले की घर भावाचं आहे म्हणून कीडघर काही तुझं होत नाही. रोपं लावणाऱ्या दोघी बहिणी तिथेच उभ्या होत्या, पण मी खोटं तर काही बोलले नव्हते.

छोटी हळवी आहे. दुसऱ्या दिवशी बॅग भरली आणि जाताना मागच्या खोलीतला एक ट्रे घेऊन गेली, रोपांसकट, माव्यासकट. आठवण म्हणून मावा नेणारी जगात ही एकटीच असेल. तिच्या मागोमाग त्या दोघी बहिणींनीही काम सोडलं.

१० फेब्रुवारी

मागच्या खोलीत आता रिकामे डबे, खोकी आणि जुना पंखा ठेवला आहे. दार लागत नाही इतकं सामान मावलं.

आज पिंजऱ्यापुढे स्टूल टाकून बराच वेळ बसले. माशी पोट पायांमधून पुढे वाकवते आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत टोचून मोकळी होते. आपल्याकडे दोन प्रकारचा मावा, हिरवा आणि गुलाबी. राहायला एकच देठ, प्यायला एकच रस. छोटीच्या कारभारात गुलाबी उदंड असायचा आणि हिरवा त्याहून कमी. मी निवड सुरू केली तसं उलटं झालं. हिरवा टोचून घेतो, एक पाय झाडतो आणि पुन्हा रस प्यायला लागतो. गुलाबी मात्र धडाधड ममी होतात. आता हिरव्याने सगळे देठ व्यापले आहेत आणि एका ट्रेमध्ये तर गुलाबी शोधावा लागला. नाजूक होते, गेले.

माणसांचंही असंच आहे. माझ्याकडे काम करायचं तर कातडी जाड हवी, हे मी पहिल्याच दिवशी सांगते. आत्तापर्यंत किती जणी आल्या आणि डोळे पुसत गेल्या. टिकली ती होताई. तिला मी हेच नाव ठेवलं आहे, कारण काहीही बोला, उत्तर 'हो ताई'. कीडघरात आता वाद नाही, कुजबुज नाही, पिन पडली तरी ऐकू येईल.

आणि आमचे हे. घरीच बसून लोकांच्या इमारतींचे नकाशे काढतात. लग्न झाल्यापासून मी काहीही बोलले तरी ह्यांच्या मनाला लागत नाही. नकाशावरची रेघसुद्धा हलत नाही. म्हणून तर आमचा संसार इतका निर्वेध झाला.

१३ फेब्रुवारी

ह्यांना संध्याकाळी फिरायचा नाद लागला आहे. पूर्वी कोपऱ्यावर जाऊन परत यायचे, आता दिवेलागणीला गेलेले थेट जेवायच्या वेळी उगवतात आणि वर भूक नाही म्हणतात. एवढं चालून भूक कशी लागत नाही कोण जाणे. पोट दाखवून या म्हटलं डॉक्टरला.

१८ फेब्रुवारी

मामाच्या हरितगृहात जाऊन आले. मामा म्हणजे आईचा सगळ्यात धाकटा भाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा म्हणून लहानपणापासून अरेतुरे. आयुष्यभर बसची दुरुस्ती केली आणि निवृत्तीनंतर ढोबळी मिरची. सगळी पुंजी त्या काचेखाली आहे. लाल आणि पिवळी, छातीएवढी झाडं, ओळींच्या मधे मधमाश्यांची पेटी. त्याची मिरची एकच गिऱ्हाईक घेतं, रुग्णालयाचं मोठं स्वयंपाकघर, आणि ते एकाच अटीवर, फवारा मारायचा नाही.

मावा कोवळ्या शेंड्यांवर आला आहे. पानं चिकट झाली आहेत आणि मामाची झोप उडाली आहे. फवारलं तर गिऱ्हाईक जाईल, मधमाश्या मरतील. नाही फवारलं तर झाडं बसतील. मी त्याला शब्द दिला. म्हटलं, मार्च लागला की माझ्या माश्या इथे असतील, तोवर पाण्याच्या फवाऱ्याने शेंडे धूत राहा. मामाने विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, माझं कधी 'बहुतेक' असतं का? तो हसला आणि निघताना पिशवीभर मिरच्या दिल्या.

२५ फेब्रुवारी

ममी हव्या तेवढ्या झालेल्या नाहीत. खरं तर निम्म्याही नाहीत. मावा मात्र भरपूर, हिरवागार, टच्च भरलेला. एवढं सुदृढ खाद्य समोर असताना माश्यांना झालंय काय?

हीटर तपासला. दिवे बदलले. होताईला पाणी घालण्यावरून बोलले, ती 'हो ताई' म्हणाली.

२ मार्च

माश्या कमी होत चालल्या आहेत. जुन्या मरतात, नव्या निघत नाहीत. ज्या थोड्या उरल्या त्या वेगळ्या पिंजऱ्यात घालून मधाचा बोळा ठेवला आहे. पिंजऱ्यापुढे मीच बसले आज. प्रत्येक माव्याला माशीने टोचलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे माश्या कामचुकार नाहीत. मग ममी का होत नाहीत?

दुसऱ्या एका कीडघराला फोन केला. त्यांची या हंगामाची सगळी नोंदणी आधीच भरलेली. पलीकडचा माणूस इतक्या गोड आवाजात नाही म्हणाला की मला त्याचा रागच आला.

ह्यांची राखाडी टोपी हरवली आहे. होताईला सगळं घर शोधायला लावलं.

५ मार्च

मामाचा फोन. आवाज पडलेला. सकाळ-संध्याकाळ शेंडे धुऊन त्याचे खांदे भरून आले आहेत आणि मावा आता फुलांपर्यंत पोचला आहे. म्हणाला, "औषध आणून ठेवलंय. मारायचं मन होत नाही. पण तू काय ते खरं सांग."

माझ्या तोंडून पहिल्यांदाच 'बहुतेक' निघालं. फोन ठेवला आणि सगळा राग होताईवर काढला, मग ह्यांच्यावर. तुम्हाला काय, तुम्ही रेघा मारत बसा, कुणाचं घर बुडो की तरो. हे नेहमीसारखे शांत होते. पट्टी बाजूला ठेवून एवढंच म्हणाले, छोटीला विचारून बघ. मी म्हटलं, ती आली तर मी बाहेर. त्यावर हे चपला घालून फिरायला गेले.

७ मार्च

आज शेतकी महाविद्यालयातल्या किडेबाईंकडे गेले. प्राध्यापक आहेत, सगळं आयुष्य माव्यात गेलं आहे, आणि जिभेने माझ्या वरताण. डबी पुढे केली तर म्हणाल्या, आधी बसा, धापा टाकू नका, मावा कुठे पळून जात नाही.

त्यांनी हिरवा मावा भिंगाखाली चिरला आणि मला दाखवला. परवा टोचलेला होता. आत माशीची अळी होती, पण मेलेली, चोळामोळा झालेली. मग बाईंनी दोन कप चहा मागवला आणि मला शाळेतल्या पोरीसारखं समजावलं. प्रत्येक माव्याच्या अंगात जिवाणू असतात, बॅक्टेरिया. एक जात तर माव्याची जन्माची सोबतीण, नुसत्या रसावर जगताना जे कमी पडतं ते ती पुरवते. पण काही माव्यांकडे आणखी एक भाडेकरू राहतो. तो असला की माशीची अळी आत वाढूच शकत नाही. आईकडून लेकीकडे, लेकीकडून नातीकडे, असा तो घराण्यात चालत येतो. मी म्हटलं, आमच्याकडे जीभ अशीच आली आहे, आजीकडून आईकडे, आईकडून माझ्याकडे. बाई पहिल्यांदाच हसल्या.

"तुमच्या हिरव्यांकडे तो भाडेकरू आहे," त्या म्हणाल्या. "गुलाबींकडे नसणार. एकाच रोपावर दोघांची चढाओढ. माश्या असल्या की हिरवा जिंकतो, कारण गुलाबी मरतो. माश्या नसल्या तर भाडेकरूला पोसायचा खर्च तेवढा हिरव्याच्या माथी. मग गुलाबी पुढे जातो. तुम्ही माश्यांतून वाचलेलेच पुन्हा पुन्हा निवडलेत. माशीला दाद न देणारा मावा तुम्ही स्वतःच्या हाताने पोसलात."

मला छोटीचं वाक्य आठवलं, वाचले ते का वाचले. आठवलं आणि चहा कडू लागला.

तरी मी हार मानली नाही. म्हटलं, पण काही म्हणा, माझा हिरवा आहे दणकट. माशी टोचते, पण त्याला काही लागतच नाही.

"लागतं की," बाई म्हणाल्या. "अंडं आत जातं, आत झगडा होतो. बाहेरून दिसत नाही म्हणजे लागत नाही असं कुठे असतं? तो नुसता पाय झाडतो ते तुम्ही बघता. असा मावा लवकर म्हातारा होतो, पिल्लंही कमी देतो."

हे मी जसंच्या तसं लिहून ठेवते आहे, पुढे निवड करताना उपयोगी पडेल.

उपाय एकच. ज्याला कधी माशी दिसली नाही असा गुलाबी मावा आणायचा आणि उरलेल्या माश्यांना तो द्यायचा. बाईंच्या प्रयोगशाळेत आत्ता नाही. त्यांनी विचारलं, तुमच्याकडचा जुना कुठे शिल्लक आहे का? मी म्हटलं, नाही. बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं की आहे.

८ मार्च

जाणार नाही. दुसरा काहीतरी मार्ग निघेल.

सगळे पिंजरे भिंग घेऊन तपासले. एकही गुलाबी नाही. उरलेल्या माश्यांपैकी आणखी काही मेल्या.

९ मार्च

गेले.

छोटी तीन गल्ल्या पलीकडे, शिंप्याच्या दुकानावर दोन खोल्या घेऊन राहते. दिवसा फुलझाडांच्या रोपवाटिकेत कामाला जाते. जिन्यातच हसण्याचा आवाज आला. आत त्या दोघी बहिणी होत्या, मागच्या वर्षी माझ्याकडून रडत गेलेली, ममी डब्यांत भरणारी डबेवाली होती, आणि सगळ्या एकदम बोलत होत्या, कोण कुणाचं ऐकतंय त्याचा पत्ता नाही. मला पाहिलं आणि बोलणं थांबलं. डबेवालीने उठून मला खुर्ची दिली. खुंटीवर ह्यांची राखाडी टोपी होती. टेबलावर झाकलेलं ताट होतं. मी खुर्चीवर बसले आणि कितीतरी वेळ त्या टोपीकडेच बघत राहिले.

खिडकीत तो ट्रे होता. आता त्याचे चार ट्रे झाले होते, कोवळा वाटाणा हातभर वाढलेला, आणि देठ न् देठ गुलाबी. मी उठून जवळ गेले. जाताना तिने नेला त्यात दोन्ही होते, हिरवेही बरेच होते, मला पक्कं आठवतं. इथे माशी नाही, तर हिरवे कुठे कुठे कडेला आणि गुलाबींनी सगळी रोपं घेतलेली. किडेबाईंनी सांगितलं ते अक्षर न् अक्षर खरं. माझ्या पिंजऱ्यात एक निकाल आणि हिच्या खिडकीत बरोबर उलटा. एवढा सुंदर प्रयोग आणि कुणी मुद्दाम केलेलाही नाही. मी तो सगळ्यांना समजावून सांगायला लागले, भाडेकरू, खर्च, सगळं. छोटी ऐकत होती. मग म्हणाली, "वहिनी, परत बोलवायला आलीस की मावा न्यायला?"

"मावा न्यायला," मी म्हटलं. खोटं बोलणं माझ्या स्वभावात नाही.

त्या दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. छोटीला मात्र हसू आलं, खरंखुरं. म्हणाली, मामांच्या मिरचीसाठी देते. पण नुसता नेऊन पुन्हा त्याच पिंजऱ्यात घालणार असशील तर चार दिवसांत संपेल. मागची खोली रिकामी कर. गुलाबी मावा तिथे राहील, मी सांभाळीन, ह्या तिघी माझ्याबरोबर येतील. बाहेरच्या बाजूचं दार वापरू. आणि जो माश्यांच्या खोलीत गेला, त्याने त्या दिवशी मागच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. माश्या केसांतून, कपड्यांतून जातात.

"म्हणजे मी नाही?" मी विचारलं.

"तू दिवसभर माश्यांमध्येच असतेस ना, वहिनी."

अट शास्त्राला धरून होती, मी लगेच कबूल केली.

टोपी मी मागितली नाही. तिथेच राहू दिली.

१२ मार्च

मागच्या खोलीतलं सामान मी आणि ह्यांनी बाहेर काढलं. भिंती धुतल्या, खिडकीला बारीक जाळी ठोकली. हे शिडीवर चढून गुणगुणत होते. ह्यांना गाता येतं हे मी विसरूनच गेले होते.

हिरव्या माव्याची सगळी रोपं साबणाच्या पाण्यात बुडवली. वाईट वाटलं. इतकी टवटवीत पैदास पुन्हा होणार नाही. थोडे किडेबाईंना प्रयोगासाठी पाठवले.

मामाला खरं सांगितलं. माझी निवड चुकली, माश्या उशिरा मिळतील, तीन आठवडे धर. तो म्हणाला, "औषधाची बाटली तुझ्या घरी ठेव. इथे राहिली तर माझा हात जाईल." ह्यांनी जाऊन आणली. आता ती माझ्या कपाटात आहे आणि कपाट उघडलं की माझ्याकडे बघते.

१६ मार्च

छोटी रोपवाटिकेत जायच्या आधी सकाळी येते आणि तिथून सुटल्यावर अंधार पडेपर्यंत मागच्या खोलीत असते. तिघी दिवसभर असतात. आज सकाळी पहिला गुलाबी ट्रे तिने बाहेरच्या पायरीवर ठेवला, दार लावून घेतलं आणि मग मी तो उचलला. देवाणघेवाण अशीच करायची ठरली आहे. उरलेल्या माश्या त्यावर सोडल्या. मूठभरसुद्धा नाहीत. आता सगळी भिस्त त्यांच्यावर.

सुटीच्या दिवशी आम्ही सगळे मामाकडे शेंडे धुवायला गेलो. छोटी एका ओळीत, मी शेजारच्या ओळीत. मधे मिरचीची झाडं. बोलणं फारसं झालं नाही, पण तिचा पाइप अडकला तेव्हा मी सोडवला.

२० मार्च

मागच्या खोलीच्या काचेतून बघायला गेले. आत चौघींची तोंडं चालू होती, हातही चालू होते. छोटी काहीतरी सांगत होती आणि डबेवाली तिला अडवून म्हणत होती की तुमचं चुकतंय, पाणी सकाळीच द्यायला हवं. छोटीने थोडा विचार केला आणि मान डोलावली. माझी सावली काचेवर पडली तशा चारही जणी गप्प झाल्या. मी बाजूला झाले तर पुन्हा आवाज सुरू झाला. मी परत पुढे झाले, पुन्हा शांतता. दिव्याच्या बटणासारखं.

कामात बडबड करू नये हे माझं मत कायम आहे. पण गुलाबी मावा मात्र झकास वाढतो आहे.

संध्याकाळी होताई समोर येऊन उभी राहिली. म्हणाली, ताई, मला तिकडे काम करायचंय. मी चाट पडले. हिला 'हो ताई' सोडून दुसरं वाक्य येतं, हेच मला ठाऊक नव्हतं. विचारलं, इथे काय त्रास आहे? म्हणाली, त्रास असा काही नाही. आणि तिचे डोळे भरून आले.

मी तिला परवानगी दिली. तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. हिला मी दणकट समजत होते.

२६ मार्च

ममी! देठांवर सोनेरी दाणेच दाणे. जवळजवळ प्रत्येक गुलाबी फुगलेला. मी पिंजऱ्यापुढे अक्षरशः टाळ्या वाजवल्या. ओरडत मागच्या दाराशी गेले आणि आत न जाता काचेवर ट्रे टेकवून धरला. आतल्या पाचही जणी काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. छोटीने आतून हात काचेवर ठेवला, बरोबर ट्रेवर.

थोड्या ममी पुढच्या पैदाशीला ठेवून बाकी सगळ्या मामाकडे पोचवल्या. डबे झाडांना त्याने स्वतः टांगले, प्रत्येक गाठ दोनदा तपासून. इंजिन खोलून जोडणाऱ्या माणसाचे हात आहेत ते.

३ एप्रिल

दुसरा हप्ता मामाकडे गेला. निकाल अजून दिसत नाही. मी त्याला रोज फोन करते, तो रोज म्हणतो, आज काल इतकाच आहे, वाढलेला नाही. वाढलेला नाही हेही काही थोडं नाही.

हे नकाशावर वाकले होते, मी चहा ठेवायला गेले. कानामागचे केस पार पांढरे झाले आहेत. कधी झाले? माझ्याहून एकाच वर्षाने मोठे आहेत. किडेबाईंचं बोलणं मधूनच आठवतं. चहा निवेपर्यंत मी तिथे उभी होते आणि ह्यांनी विचारलं, काही हवंय का?

१४ एप्रिल

मामाने सगळ्यांना बोलावलं होतं. दारातच मला हाताला धरून ओळीत नेलं, एक पान उलटं केलं आणि पुढे धरलं. पानाच्या मागे सोनेरी ममी, आणि बहुतेकींना गोल भोक पडलेलं. माश्या निघून कामाला लागलेल्या. पुढचं पान तसंच, त्याच्या पुढचंही. शेंडे कोरडे, नवी फुलं धरलेली, मधमाश्या आपल्या कामात. मी त्याच्या गळ्यात पडून रडले. हो, मी. मामाने पाठीवर थोपटलं आणि म्हणाला, पहिली तोडणी सोमवारी, रुग्णालयाची गाडी येणार आहे.

मग त्याने विचारलं, हे जमवलं कुणी? नेहमीसारखं उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. मागे छोटी उभी होती, होताईच्या खांद्यावर हात टाकून. मी म्हटलं, "मावा छोटीच्या खोलीतला. खोली तिची आहे. कीडघरही तिचं आहे." छोटी लगेच मिरची बघायला वाकली. बराच वेळ वाकलेलीच होती.

औषधाची बाटली मामाला परत दिली. त्याने सील न फोडता दुकानदाराकडे पाठवून दिली.

घरी आलो. दिवेलागणीला हे नेहमीप्रमाणे दाराशी चपला शोधायला लागले. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले आणि विचारलं, "अहो, मी बोलते ते तुम्हाला कधी लागतं का?"

हे तसेच वाकून राहिले, एक चप्पल पायात, एक हातात. मग वर बघून अगदी साध्या आवाजात म्हणाले, "कधीचं विचारतेस?"

मला वाटलं होतं हो किंवा नाही असं उत्तर येईल. मी भिंतीला टेकले. मग म्हटलं, पहिल्यापासून सांगा.

हे म्हणाले, चल, चालता चालता सांगतो. शिंप्याच्या दुकानावरून पुढे गेलो, वर छोटीच्या खिडकीत दिवा होता. तळ्याला वळसा घातला. हे सांगत होते, कधी थांबून, कधी एकदम भराभर. कुठल्या दिवशी मी कुठली साडी नेसले होते तेसुद्धा ह्यांच्या लक्षात आहे. मधे मधे माझ्या जिभेवर उत्तर येत होतं. मी ते गिळलं आणि ऐकलं.

परत आलो तेव्हा ह्यांच्या सांगण्यात लग्नाचं पहिलं वर्षही संपलं नव्हतं. उद्याही जायचं आहे.